शल्यकौशल्याला नोंदवहीची जोड हवी

नाकाच्या पुनर्रचनेची शस्त्रक्रिया जगाने भारताकडून घेतली, ही गोष्ट आता कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. सुश्रुताचे नाव पाठ्यपुस्तकांत आले आहे, व्याख्यानांत घेतले जाते, आणि ते घेतले जावयासच हवे. तथापि या इतिहासाचे एक प्रकरण खुद्द पुण्यात घडले आणि त्यातील बोध मात्र आपण पुरतेपणी घेतलेला नाही.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र प्रसिद्ध झाले. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकण्याचे काम करीत असे. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला आणि मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ पापुद्रा नाकाच्या जागी बसवून माप घ्यायचे, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा व भोवती रेघ आखायची, तेवढी कातडी सोडवायची, दोन भुवयांमधील पट्टी मात्र जोडलेली राहू द्यायची, कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवायची, वर काताचा लेप लावलेले कापड ठेवायचे आणि सुमारे २५ दिवसांनी ती जोडपट्टी कापून टाकायची, अशी ती रीत होती. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यकांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिल्याचा निर्वाळा त्या पत्रात होता. लंडनचा शल्यविशारद जोसेफ कार्प्यू याने या वृत्तांताचा पाठपुरावा केला, १८१४ मध्ये स्वतः ती शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. युरोपात ती ‘भारतीय पद्धत’ म्हणून रूढ झाली.

येथवर सारे अभिमानास्पदच आहे. पण पुढचा प्रश्न विचारला की अभिमानाबरोबर थोडी खंतही वाटू लागते. त्या कारागिराचे नाव काय होते? त्याने आयुष्यात किती नाके केली? त्यांतील किती टिकली, किती जखमा चिघळल्या, कोणत्या रुग्णाला ती शस्त्रक्रिया लाभली नाही आणि का? यांपैकी कशाचीही नोंद नाही. हात त्याचे होते, ज्ञान त्याचे होते, पण लेखणी दुसऱ्याच्या हाती होती. जगाच्या दृष्टीने ते ज्ञान ‘ज्ञान’ झाले ते लंडनच्या छापखान्यात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले कौशल्य नोंदीअभावी गावाच्या वेशीबाहेर जाऊ शकले नाही आणि पुढे गावातूनही लोपले.

हा दोनशे वर्षांपूर्वीचा इतिहास आज आठवण्याचे कारण असे की, तोंड आणि जबड्याच्या शल्यचिकित्सेत भारत आजही काहीशा तशाच वळणावर उभा आहे. हात कुशल आहेत, रुग्ण अगणित आहेत. नोंदवहीचे काय, हाच प्रश्न आहे.

रोग आपला, प्रश्नही आपलाच

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षी जगात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण आढळले. त्यांतील सुमारे १ लाख ४३ हजार भारतातील होते. म्हणजे जगातील दर तीन रुग्णांमागे एकाहून अधिक रुग्ण भारतीय. त्या एका वर्षात आपल्या देशात या रोगाने सुमारे ८० हजार माणसे दगावली. यांतील बहुसंख्य घरे हातावर पोट असलेल्यांची असतात आणि अंथरुणाला खिळतो तो बहुधा घरातील कर्ता पुरुष.

या रोगाची आपल्याकडची वाटही वेगळी आहे. तंबाखू, गुटखा, मावा, सुपारी हे पदार्थ गालाच्या आत धरून ठेवण्याची सवय आपल्याकडे आहे. साहजिकच गालाची आतली बाजू आणि हिरड्या येथे उद्भवणारा कर्करोग आपल्याकडे जितका दिसतो तितका पाश्चात्त्य देशांत दिसत नाही. तिकडे घशाच्या कर्करोगाचा मोठा वाटा एका विषाणूमुळे उद्भवतो. रोगाचे कारण वेगळे, जागा वेगळी, रुग्णाची परिस्थिती वेगळी, आणि उपचारांचे उत्तर मात्र तिकडून तयार येईल अशी अपेक्षा धरणे म्हणजे शेजाऱ्याच्या मापाचा अंगरखा घालण्यासारखे आहे.

सुपारीमुळे होणाऱ्या तोंडाच्या आतील तंतुमयतेचे उदाहरण घ्यावे. या विकारात गालाच्या आतील मऊ अस्तर हळूहळू ताठर होते. प्रथम तिखट सोसेनासे होते, मग तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. या रुग्णाच्या तोंडात दोन, मग एक, आणि शेवटी एकही बोट शिरत नाही. तोंड उघडतच नसल्याने आत कर्करोग सुरू झाला तरी तो दिसत नाही. १९५२ मध्ये श्वार्ट्झ या वैद्यकाने केनियातील भारतीय वंशाच्या स्त्रियांमध्ये हा विकार नोंदवला आणि १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे स्वतंत्र वर्णन करून त्याला नाव दिले. जगभर तो आजही त्याच आशयाच्या नावाने ओळखला जातो. मराठी वैद्यकाने आपल्या दवाखान्यात काय पाहिले ते लिहून ठेवले, म्हणून हे शक्य झाले.

पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली खेडोपाडी जाऊन लोकांची तोंडे तपासली. एकट्या पुणे जिल्ह्यात १ लाख १ हजार ७६१ ग्रामस्थांची तपासणी करून तिचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात या तंतुमयतेच्या ६६ रुग्णांचा तब्बल १७ वर्षे पाठपुरावा करण्यात आला आणि त्यांतील पाच जणांना पुढे कर्करोग झाल्याचे आढळले. सुपारी हे निरुपद्रवी व्यसन आहे, हा समज अशा चिकाटीच्या कामामुळे ढासळला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या तज्ज्ञांनी २००३ मध्ये तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक ठरविली. १७ वर्षे त्याच रुग्णाच्या दारी जाऊन त्याचे तोंड तपासणे यात झगमगाट नाही, पण विज्ञान असेच उभे राहते.

एका प्रश्नाची पंचवीस वर्षे

शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात नोंद आणि चाचणी काय करू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईतच आहे. तोंडाच्या कर्करोगाची सुरुवातीची अवस्था, गाठ लहान, मानेत हाताला काहीही लागत नाही. अशा रुग्णाच्या तोंडातील गाठ काढायची याविषयी दुमत नव्हते. दुमत होते ते मानेविषयी. कर्करोग प्रथम मानेतील लसिका ग्रंथींत उतरतो आणि पुष्कळदा हाताला न लागताच उतरलेला असतो. तेव्हा त्याच वेळी मान उघडून त्या ग्रंथी काढून टाकाव्यात, असे एका पक्षाचे म्हणणे. दुसरा पक्ष म्हणे की, बहुसंख्य रुग्णांच्या मानेत काहीच नसते, मग त्यांना एवढी मोठी शस्त्रक्रिया कशासाठी? मानेतील शस्त्रक्रियेने खांदा दुबळा होऊ शकतो. ओझे वाहणाऱ्या हमालाचा खांदा गेला तर त्याचे घर कसे चालावे? लक्ष ठेवावे, गाठ दिसली तर मग शस्त्रक्रिया करावी.

दोन्ही पक्ष अनुभवी होते, दोन्हींचा युक्तिवाद पटण्याजोगा होता. १९८० मध्ये फ्रान्समध्ये, १९८९ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात, १९९४ मध्ये ब्राझीलमध्ये आणि २००९ मध्ये हाँगकाँगमध्ये या प्रश्नावर चाचण्या झाल्या. प्रत्येकीत रुग्ण होते साधारण ७० ते ७५. इतक्या थोड्या रुग्णांवरून निघालेले निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. वाद जागच्या जागी राहिला आणि कोणत्या रुग्णाची मान उघडायची हे तो कोणत्या डॉक्टरच्या दारी गेला यावर ठरत राहिले.

टाटा रुग्णालयाने २००४ मध्ये हाच प्रश्न पुन्हा, पण मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली २०१४ पर्यंत ५९६ रुग्ण या चाचणीत सहभागी झाले. कोणत्या रुग्णावर कोणता उपचार करायचा हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरविले गेले, जेणेकरून दोन्ही गट सारखे राहावेत. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मानेतील ग्रंथी आधीच काढल्या होत्या अशा २४५ रुग्णांपैकी ५० दगावले. ज्यांच्याबाबत वाट पाहिली गेली अशा २५५ रुग्णांपैकी ७९ दगावले. तीन वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के, तर दुसऱ्या गटात ६७.५ टक्के. याचा सरळ अर्थ असा की, आठ रुग्णांची मान वेळीच उघडली तर त्यांतील एकाचा जीव वाचतो.

जगभरच्या शल्यविशारदांनी हा निष्कर्ष विचारात घेतला. ब्रिटनमधील अशाच एका चाचणीचा २०१९ मध्ये आलेला निष्कर्षही त्याच दिशेचा होता. अनेक वर्षांचा वाद ज्या देशात सर्वाधिक रुग्ण आहेत त्या देशाने मिटविला. पुण्याच्या त्या कारागिराचे निरीक्षण करायला इंग्रज वैद्यक आले होते. येथे निरीक्षणही आपले, नोंदही आपली आणि निष्कर्षही आपला, हा फरक लहान नाही.

या चाचणीतून कोणत्याही कंपनीची एकही गोळी विकली जाणार नव्हती, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चाकू कोठवर चालवावा, या प्रश्नाच्या उत्तरात कोणाचा नफा नसतो. म्हणूनच असे प्रश्न समाजाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी विचारले नाहीत, तर ते विचारलेच जात नाहीत.

औषधांबाबतही हेच दिसते. ‘निव्होलुमॅब’ हे रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध मुख व घशाच्या बळावलेल्या कर्करोगात वापरले जाते, पण त्याची किंमत सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी विचारले की, दर तीन आठवड्यांना केवळ २० मिलिग्रॅम दिले तर? गोळ्यांच्या स्वस्त उपचाराला या अल्प मात्रेची जोड दिल्यावर एक वर्ष जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. आपले औषध कमी वापरले तर चालेल काय, हा प्रश्न त्या औषधाचा निर्माता कशाला विचारील? तो प्रश्न गरीब रुग्णांच्या रांगेसमोर बसलेल्या डॉक्टरलाच सुचतो.

कपाटातील प्रबंध

हे झाले शिखर. पायथ्याशी काय चित्र आहे? देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. त्यांपैकी अनेकांत मुख व जबडा शल्यचिकित्सेचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो आणि प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. म्हणजे दरवर्षी शेकडो तरुण शल्यविशारद रुग्णांवर काही ना काही संशोधन करतात. अपघातात मोडलेला जबडा जोडण्यासाठी कोणती पट्टी चांगली, अक्कलदाढ काढल्यावर सूज कशाने कमी होते, तंतुमयतेत ताठर पट्टे कापल्यावर उघड्या जागेवर गालातील चरबी बसवावी की नाकाशेजारची कातडी फिरवावी, असे हे विषय असतात. विषय खरे आहेत, रुग्ण खरे आहेत, मेहनतही खरी असते.

पण होते काय? प्रत्येक विद्यार्थी आपापले वीस-तीस रुग्ण घेतो. मोजमाप प्रत्येकाचे वेगळे. रुग्णाचा पाठपुरावा सहा महिने, फार तर वर्षभर, कारण परीक्षा जवळ आलेली असते. प्रबंध बांधून होतो, परीक्षक त्यावर नजर टाकतो, पदवी मिळते आणि प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो. पुढच्या वर्षी शेजारच्या महाविद्यालयातील दुसरा विद्यार्थी तोच विषय, तेवढेच रुग्ण आणि तेवढाच काळ घेऊन पुन्हा आरंभापासून आरंभ करतो. वर सांगितलेल्या ७०-७५ रुग्णांच्या चार चाचण्यांचे जे झाले तेच येथे दरवर्षी घडते.

तंतुमयतेची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे तोंड शस्त्रक्रियेच्या टेबलावर पुरेसे उघडते. खरी परीक्षा त्यानंतर असते. त्याने महिनोन्‌महिने तोंड उघडण्याचा व्यायाम केला नाही आणि सुपारी सोडली नाही, तर ते पुन्हा आवळू लागते. पाच वर्षांनी त्याच्या तोंडात किती बोटे मावतात, तो भाकरी चावू शकतो की नाही, त्याला कर्करोग झाला की नाही, याचे उत्तर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बसत नाही. रोगाची गती दशकांत मोजायची आणि संशोधनाची गती परीक्षेच्या वेळापत्रकात, या विसंगतीची किंमत रुग्ण मोजतो.

खुद्द टाटा रुग्णालयाच्या त्या मोठ्या चाचणीतही बहुसंख्य रुग्ण जिभेच्या कर्करोगाचे होते. गालाच्या आतील कर्करोग, जो आपल्याकडचा खास रोग, त्याच्याविषयीचे किती तरी प्रश्न अजून उत्तराची वाट पाहत आहेत. ती उत्तरे नागपूर, औरंगाबादपासून गुवाहाटीपर्यंतच्या बाह्यरुग्ण विभागांत रोज येऊन बसतात आणि न नोंदली जाता घरी परततात.

विश्वासाची कसोटी

येथे एक शंका उपस्थित होते आणि ती रास्त आहे. संशोधन म्हणजे गरिबांवर प्रयोग नव्हेत काय? या शंकेला इतिहासाचा आधार आहे. १९९९-२००० या काळात तिरुवनंतपुरम येथील प्रादेशिक कर्करोग केंद्रात मुखाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांच्या गाठींमध्ये एक प्रायोगिक रसायन टोचण्यात आले. त्यामागे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एक संशोधक होती. प्रकरण उघडकीस आल्यावर २००१ मध्ये त्या विद्यापीठानेच मान्य केले की, या संशोधनासाठी विद्यापीठाच्या समितीची आवश्यक अनुमती घेतलेली नव्हती. पुढे माणसांवरील कोणत्याही संशोधनाचे नेतृत्व करण्यास त्या संशोधकाला मनाई करण्यात आली. आपल्या देशात जी गोष्ट करायला परवानगीचे दहा दरवाजे ओलांडावे लागतात, ती भारतीय रुग्णावर सहज करता येते असे कोणाला वाटावे, याहून मोठा अपमान कोणता?

पण याच तिरुवनंतपुरमची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच केंद्राच्या पुढाकाराने १९९६ पासून त्या जिल्ह्यातील १३ विभागांत सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर एक चाचणी झाली. प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन, उजेडात तोंड तपासायचे आणि संशयास्पद काही दिसले तर डॉक्टरकडे पाठवायचे, एवढाच त्यातील उपाय. तंबाखू किंवा मद्याचे सेवन करणाऱ्यांमध्ये या साध्या तपासणीने मुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तोंडाची नुसती तपासणी करून जीव वाचतात, याचा पुरावा जगाला एका भारतीय जिल्ह्याने दिला. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिशी ओलांडलेल्यांच्या तपासणीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे आखली, त्यांत तोंडाच्या तपासणीचा समावेश आहे.

एकाच शहरातील या दोन घटना शेजारी ठेवल्या की भेद स्पष्ट होतो. एकीत प्रश्न बाहेरचा होता, रुग्ण साधन होता आणि कोणाला विचारलेले नव्हते. दुसरीत प्रश्न इथला होता, लाभ इथल्या माणसांचा होता आणि सारे उघड्यावर होते. संशोधनाला नकार देणे हा पहिल्या घटनेवरचा उपाय नव्हे. दुसऱ्या प्रकारचे संशोधन वाढविणे हाच त्यावरचा उपाय आहे.

चिठ्ठी टाकून उपचार ठरविणे हा जुगार आहे, असेही कित्येकांना वाटते. दोनपैकी कोणता उपचार चांगला हे जाणत्यांनाही खरोखरच ठाऊक नसेल, तेव्हाच अशी चिठ्ठी टाकता येते. ज्या क्षणी उत्तर स्पष्ट होते त्या क्षणी ती थांबवावी लागते. टाटा रुग्णालयाची चाचणीही ५०० रुग्णांच्या हिशेबात फरक दिसताच देखरेख समितीच्या सल्ल्याने थांबविण्यात आली. चिठ्ठी टाकली नसती तरी रुग्णाच्या नशिबी योगायोगच होता. कोणत्या डॉक्टरशी गाठ पडते, यावर त्याचा उपचार ठरतच होता. फरक इतकाच की, त्या योगायोगातून कोणीही काही शिकत नव्हते.

आज या कामाला कायद्याची चौकट आहे. २००७ पासून चाचण्यांची राष्ट्रीय नोंदपुस्तिका अस्तित्वात आहे आणि ती कोणालाही पाहता येते. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद झालेली असली पाहिजे, असा नियम आहे. २०१९ च्या नव्या नियमांनी नैतिकता समित्यांची नोंदणी आणि औषधचाचणीत इजा झाल्यास भरपाई यांची तरतूद केली. तथापि रुग्णाला त्याच्या भाषेत, घाई न करता, नातेवाइकांसमोर समजावून सांगणे हे कोणत्याही नियमाने आपोआप होत नाही. इंग्रजी कागदावर अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे.

करता येण्याजोगे

परिस्थिती पालटण्यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता आहे असे नाही. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा १९६९ मध्ये स्थापन झालेली मुख व जबडा शल्यविशारदांची अखिल भारतीय संघटना यांनी मनावर घेतले, तर एक गोष्ट उद्याच करता येईल. पाच वर्षांसाठी चार-पाच महत्त्वाचे प्रश्न निश्चित करावेत. सर्व महाविद्यालयांना एकच नोंदपत्रक आणि एकच मोजमाप द्यावे. विद्यार्थ्याने आपले रुग्ण पदवी घेऊन जाताना पुढच्या तुकडीच्या स्वाधीन करावेत, जशी घरातील देवपूजा एका पिढीकडून दुसरीकडे जाते. एकेका विद्यार्थ्याचे तीस रुग्ण मग राज्याचे तीन हजार होतील आणि सहा महिन्यांचा पाठपुरावा पाच वर्षांचा. परीक्षकाने प्रबंधाची जाडी न पाहता, आधीच्या तुकडीचे किती रुग्ण शोधून परत तपासले हे विचारावे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालात आज देशभरातील तीनशेहून अधिक संस्था सहभागी आहेत. तेव्हा संस्थांना एकत्र बांधणे आपल्याला जमत नाही, असे म्हणण्यास आधार नाही.

डॉक्टर म्हणतील की, रुग्णांच्या गर्दीत मान वर करायला फुरसत नाही, नोंदी कधी ठेवायच्या? प्रश्न खोटा नाही. पण ही गर्दीच भारताची संपत्ती आहे. परदेशात जितके रुग्ण गोळा करायला दहा वर्षे लागतील, तितके आपल्याकडच्या एका मोठ्या रुग्णालयात वर्षभरात येतात. त्यांच्या नोंदीसाठी एखादा लिपिक नेमणे हा खर्च नसून गुंतवणूक आहे, हे संस्थाचालकांना पटले पाहिजे.

समाजाचा वाटाही थोडा नाही. शस्त्रक्रियेनंतर बीड-लातूरकडचा रुग्ण तपासणीला परत येत नाही, कारण एस.टी.चे भाडे, बुडणारी मजुरी आणि राहण्याची पंचाईत. परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीसारख्या संस्था बाहेरगावच्या रुग्णांच्या निवासाची जी सोय करतात, ती सेवा तर आहेच. तिचा आणखी एक लाभ सहसा लक्षात येत नाही. रुग्ण परत येऊ शकला तरच उपचाराचा खरा परिणाम कळतो. गावोगावी सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील अशा दहा रुग्णांची यादी केली, त्यांना तपासणीच्या तारखांची आठवण दिली, सुपारी सोडण्यासाठी त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तर ते रुग्णाचेही भले आणि संशोधनाचेही साहाय्य ठरेल. विजेरीच्या उजेडात तोंड पाहून पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारा व्रण, कमी उघडणारे तोंड ओळखायला आरोग्यसेविका शिकू शकते, हे केरळने सिद्ध केले आहे. आपली वस्ती, आपली शाळा, आपले कार्यालय येथे असे तपासणीचे कार्यक्रम व्हायला हवेत.

आणि घरातील कोणाला चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा झाली, तर घाबरून पळू नये आणि डोळे मिटून सहीही करू नये. चाचणीची नोंद झाली आहे काय, खर्च कोण करतो, इजा झाली तर जबाबदारी कोणाची, मध्येच बाहेर पडता येईल काय, हे चार प्रश्न विचारावेत. प्रामाणिक संशोधकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

सुश्रुताने मुखाचे ६५ रोग मोजले. शस्त्र धरण्याआधी शिष्याने भोपळा, कलिंगड, काकडी यांवर हात बसवावा असे सांगितले. शास्त्र वाचावे आणि प्रत्यक्ष डोळ्यांनीही पाहावे, दोहोंच्या मेळातूनच ज्ञान वाढते, हा त्याचा आग्रह होता. मोजणे, पाहणे, पडताळणे हा आपल्याच परंपरेचा गाभा आहे. मधल्या काळात हात राहिला आणि मोजणे सुटले, म्हणून कावसजीला नाक देणारा माणूस निनावी राहिला. आज गालाची शस्त्रक्रिया करणारे आपले शल्यविशारद निनावी नाहीत, पण त्यांचा अनुभव निनावीच राहतो आहे. १ लाख ४३ हजार रुग्णांच्या या देशात तो तसा राहू देणे यापुढे परवडणारे नाही. पुढचा रुग्ण आधीच्या रुग्णापेक्षा बरा व्हावा, अशी इच्छा असेल तर आधीच्या रुग्णाचे काय झाले, हे लिहून ठेवावेच लागेल.